प्रत माहितीस्तव

"उद्यापासून सहा दिवस तू इथे नाहीस," मस्टरवर माझ्या नावासमोर लाल रेघ ओढत बोचरे साहेब म्हणाले. "पण सकाळी साडेनऊला ये. आठ नंबर वॉर्डाचं पत्रक छापायचं राहिलंय."

साहेब विनोद करत नव्हते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कार्यालयात विनोद केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आमच्या धामणखेड नगरपरिषदेत आम्ही सदतीस जण कंत्राटी होतो आणि प्रत्येकाला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. अकरा महिने भरले की सहा दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांची नवी ऑर्डर. नोकरी सलग झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून ही मधली फट ठेवलेली. त्या सहा दिवसांत मस्टरवर सही करायची नाही, काम मात्र करायचं, कारण आपण नाही केलं तर करणार कोण? पहिल्या खंडाच्या वेळी मला याची गंमतच वाटली होती. घरी येऊन आईला म्हणाले होते, आज मी अदृश्य होऊन काम केलं. आई म्हणाली, मी रोजच करते.

ही एप्रिल २०१२ मधली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि पाणीपुरवठा विभागात संगणक चालवत होते. गावाला आठ दिवसांनी एकदा पाणी यायचं, त्यामुळे कुठल्या वॉर्डाला कधी पाणी सुटणार याची पत्रकं काढायची, तक्रारी नोंदवायच्या आणि उरलेल्या वेळात आस्थापनेची, म्हणजे सगळ्यांच्या नेमणुका बघणाऱ्या बोचरे साहेबांच्या टेबलाची, पत्रं टाइप करायची, असं माझं काम होतं. नोकरी मी हौसेने धरलेली नव्हती. बी.ए. झाल्या झाल्या मी पुण्याच्या एका संस्थेत सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला अर्ज केला होता. सरकारं निर्णय कसे घेतात आणि ते लोकांपर्यंत पोचता पोचता त्यांचं काय होतं, हे तिथे शिकवत. मला तिथे जायचं होतं म्हणजे जायचंच होतं. संस्थेने उत्तर पाठवलं की अर्ज चांगला आहे, पण आधी दोन वर्षं कुठेतरी काम करून या.

मला राग आला. वडिलांची पिठाची गिरणी होती. ते चाळणी झटकत म्हणाले, लग्नाला कोणी अनुभव मागत नाही आणि शिकायला मागतात, अजबच आहे. पण मी हट्टी. पंधरा दिवसांत मिळाली ती पहिली नोकरी धरली आणि घरच्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायला लागले. कामात माझं मन नव्हतं असं नाही, पण डोळा सगळा त्या कॅलेंडरवर. ३१ मे २०१२ ला दोन वर्षं भरणार होती. त्या वर्षी संस्थेने लहान गावांतल्या मुलांसाठी पूर्ण शिष्यवृत्तीच्या दोन जागा काढल्या होत्या, आणि त्याशिवाय पुण्यात राहून शिकणं आमच्या गिरणीला झेपणारं नव्हतं. अर्ज आधीच गेला होता. आता फक्त दिवस भरायचे होते.

तर मी दुसऱ्या दिवशी साडेनऊला गेले, पत्रक छापलं आणि चिकटवायला आठ नंबर वॉर्डात गेले. तिथे कोपऱ्यावरच्या चेंबरपाशी इंगळेकाका उकिडवे बसले होते. वामन इंगळे, व्हॉल्व्हमन. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी त्यांच्याहून उंच होती आणि ती ते सायकलच्या दांडीला बांधून गावभर हिंडायचे. त्यांची एक लकब होती. चावी व्हॉल्व्हवर बसवली की तिच्या वरच्या टोकाला कान लावायचे आणि पाणी नळीत कुठवर आलंय ते ऐकायचे. टाकीवरचा मीटर चुकायचा, काका चुकायचे नाहीत.

मी विचारलं, "काका, तुमचाही खंड याच आठवड्यात आहे ना?"

"हाय ना. कालपासून मी नोकरीवर नाई." त्यांनी चावीला कान लावूनच उत्तर दिलं. "लोकाईले काय सांगू, मी आज नाई म्हणून? त्याईले तं पाणी पायजे."

"वैताग नाही येत?"

"कायचा वैताग व बाई? लोकाईले जन्मात एकदा नोकरी लागत नाई. मले विसाव्यांदा लागून राहिली."

आणि ते इतक्या मनापासून हसले की मीही हसले. वीस ऑर्डरी म्हणजे किती वर्षं याचा हिशोब मी तेव्हा केला नाही. मला माझ्या दोन वर्षांची पडली होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाखतीचं पत्र आलं. सोबत आणायच्या कागदांची यादी होती आणि तिच्यात चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं, सलग चोवीस महिने पूर्णवेळ काम केल्याचं कार्यालयाचं प्रमाणपत्र. मी 'चोवीस महिने' वाचलं आणि नाचत नाचत बोचरे साहेबांकडे गेले. 'सलग' हा शब्द संस्थेच्या कागदांवर माझ्या डोळ्यांसमोरून दोन वर्षं जात होता, पण तो मी कधी वाचलाच नव्हता. माझ्या मनात मी सलगच होते. एक दिवससुद्धा घरी बसले नव्हते.

साहेबांनी सेवानोंदवही काढली, चष्मा पुसला आणि मला तीन ओळी सांगितल्या. १ जून २०१० ते ३० एप्रिल २०११. ७ मे २०११ ते ६ एप्रिल २०१२. १३ एप्रिल २०१२ पासून पुढे. माझंच प्रमाणपत्र मी माझ्याच हाताने टाइप करत होते आणि तिसऱ्या ओळीपाशी येऊन मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. कागदावर माझी सगळ्यात मोठी नोकरी अकरा महिन्यांची होती.

मी म्हणाले, साहेब, खंडातही मी कामावर होते हे एका ओळीत लिहा ना. ते खोटं नाही. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"खरं आहे म्हणूनच लिहिता येत नाही," ते म्हणाले.

मला ते उत्तर सरकारी उद्धटपणाचं वाटलं. त्या दिवशी मी आईसमोर बोचरे साहेबांना जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस आठ महिन्यांनी निवृत्त होणार, जाता जाता एका मुलीचं भलं करायला याच्या बापाचं काय जातं, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

तेच तीन ओळींचं प्रमाणपत्र घेऊन मी सोमवारी पुण्याला मुलाखतीला गेले. समोर तिघं होते, पण दोघं बहुतेक वेळ कागदच चाळत राहिले. प्रश्न विचारले ते कारखानीस मॅडमनी. साठीच्या आसपासच्या, कापलेले पांढरे केस, बोलणं मऊ पण नजर अगदी कागदावरच्या शेवटच्या शब्दापर्यंत जाणारी. माझा निबंध त्यांना आवडला होता, ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग प्रमाणपत्रावर बोट ठेवलं.

"हे मधले सहा-सहा दिवस कुठे होता तुम्ही?"

मी सांगितलं, कार्यालयातच होते. मग खंड म्हणजे काय, ऑर्डर म्हणजे काय, सगळं सांगावं लागलं. बाकीच्या दोघांनी आता कागद खाली ठेवले. मॅडमनी विचारलं की असे किती लोक आहेत. सदतीस, मी म्हणाले, आणि मग माझी गाडी उताराला लागली. मी त्यांना इंगळेकाका सांगितले. चावीला कान लावणं सांगितलं, विसाव्यांदा लागलेली नोकरी सांगितली. हिशोब तिथेच, बोलता बोलता झाला. एकोणिसावं वर्ष चालू होतं त्यांचं. मी चांगलं सांगत होते, मला कळत होतं. समोरच्या तिघांचे चेहरे बदलत चालले होते आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या.

मॅडमनी प्रमाणपत्र पुन्हा उचललं. मग सहकाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे या गृहस्थांना अजून एका वर्षाचाही अनुभव नाही."

नंतर मला बाहेर बसवलं, वीस मिनिटांनी आत बोलावलं आणि सांगितलं की तुमची निवड करायची आमची इच्छा आहे. नियम मात्र मोडता येत नाही. खंडाच्या दिवसांतही तुम्ही प्रत्यक्ष कामावर होता, असं कार्यालयाच्या जावक क्रमांकाचं पत्र शनिवारपर्यंत आणून द्या, जागा तुमची. नाही आणलं तर यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल.

परतीच्या बसमध्ये मी शेंगदाणे खात, गाणी गुणगुणत आले. जागा हातातोंडाशी आली होती. इंगळेकाकांची एकोणीस वर्षं मी टेबलावर मांडली होती, त्यांच्यावर शाबासकी मिळवली होती आणि बस पुण्याबाहेर पडायच्या आत काकांना विसरूनही गेले होते. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मंगळवारी दुपारी बोचरे साहेबांसमोर उभी राहिले. जेवणाची सुट्टी होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि कूलर नुसताच घरघरत होता. मी सगळं सांगितलं आणि पत्र मागितलं. साहेबांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि प्रथमच मला समोरच्या खुर्चीवर बस म्हणाले.

"गावंडे, तुला वाटतं मी आडमुठा आहे. असेन. पण ऐक. तुला खासगीत लिहून दिलं असतं, कुणाला कळलं नसतं. त्यांना हवाय जावक क्रमांकाचा कागद. क्रमांक पडला की ते माझं बोलणं राहत नाही, नगरपरिषदेचं होतं. नगरपरिषदेने एकदा म्हटलं की खंडात माणसं कामावर होती, तर मग खंड कसला? उद्या कोणीही तो कागद मागेल आणि कोर्टात जाईल. सदतीस जण जातील. आणि साहेब लोक विचारतील, हे लिहिलं कोणी?"

"तुम्ही," मी म्हणाले.

"मी. सगळ्यांचे खंड गेली वीस वर्षं माझ्याच अक्षरात आहेत."

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, की मी या माणसाकडे त्याचं निवृत्तिवेतन मागत होते. आणि दुसरी, की ज्या कागदाने मला पुण्याची जागा मिळणार होती, त्याच कागदाने इंगळेकाकांची नोकरी कायम होऊ शकत होती, आणि ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तो माझ्या एकटीसाठी मागायला आले होते. मला रडू फुटायच्या बेतात होतं, ते जागेसाठी की कशासाठी कोण जाणे.

"राहू द्या साहेब," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी पाहीन."

"पुढच्या वर्षी तुला पुन्हा खंड पडेल. त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन सलग वर्षं तुला इथे कधीच मिळायची नाहीत, पोरी."

ते मला पोरी म्हणाले हेही पहिल्यांदाच. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि काय वाटलं कोण जाणे, मागे वळून म्हणाले, "साहेब, मी तिथे इंगळेकाकांची गोष्ट सांगून आले. माझं काम व्हावं म्हणून."

"काय म्हणाले ते लोक?"

मी मॅडमचं वाक्य सांगितलं.

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. त्यांनी तो काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. "पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. एका वर्षाचाही अनुभव नाही.

मी माझ्या खोलीत जाऊन तक्रारी नोंदवत बसले. घरी जाऊन कॅलेंडर भिंतीवरून काढून टाकलं. वडिलांनी विचारलं नाही. आईने मात्र त्या दिवशी न विचारता गोड शिरा केला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला शिपाई सांगत आला की बोचरे साहेबांनी बोलावलंय. गेले तर ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, मशीन सुरू कर आणि लिहून घे. आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जाणारी पत्रं सांगतात त्याच सपाट आवाजात सांगायला लागले.

"प्रमाणित करण्यात येते की, कुमारी तृप्ती भास्कर गावंडे या दिनांक १ जून २०१० पासून आजतागायत या कार्यालयात संगणक चालक म्हणून पूर्णवेळ कार्यरत आहेत. स्वल्पविराम नको, पूर्णविराम दे. सेवाखंडाच्या कालावधीतही त्या, इतर सर्व कंत्राटी कर्मचाऱ्यांप्रमाणेच, प्रत्यक्ष कामावर हजर होत्या."

माझी बोटं थांबली. इतर सर्व कंत्राटी कर्मचाऱ्यांप्रमाणेच. हे मी मागितलं नव्हतं. संस्थेनेही मागितलं नव्हतं. मी वळून पाहिलं.

"थांबलीस का? टाइप कर," ते म्हणाले. "करते आहेस ना?"

मी टाइप केलं. खाली 'मुख्याधिकारी यांचेकरिता' लिहिलं, सहीची जागा सोडली. मग आला पत्राचा शेवट, जो मला झोपेतही टाइप करता आला असता. प्रत्येक सरकारी पत्राच्या पायथ्याशी डाव्या बाजूला एक छोटी यादी असते, पत्राची नक्कल आणखी कुणाकुणाला पाठवली त्याची. 'प्रत माहितीस्तव.' आमच्याकडे तिच्यात ठरलेल्या दोन ओळी असत, एक मुख्याधिकारी आणि दुसरी आस्थापना नस्ती, म्हणजे ऑफिसची फाइल. साहेब त्या कधी सांगत नसत, मी आपल्या आपण टाइप करायची. त्या दोन ओळी मी टाइप केल्या. मग कर्सर तिसऱ्या ओळीवर लुकलुकत राहिला.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी '३' टाइप केलं आणि पुढे लिहिलं, श्री. वामन इंगळे, व्हॉल्व्हमन. आणि ते काही बोलायच्या आत प्रिंटरचं बटण दाबलं.

बोचरे साहेब पत्र कसं वाचत हे सगळ्या नगरपरिषदेला ठाऊक होतं. डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकायचं आणि चुकलेला अनुस्वारही सुटायचा नाही. बोट पहिल्या परिच्छेदावरून गेलं. दुसऱ्यावरून गेलं. सहीच्या जागेवरून पुढे सरकलं आणि पायथ्याच्या यादीवर आलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर ते थांबलं.

मी मनात म्हटलं, झालं. आता हे पत्रही गेलं.

साहेबांनी खिशाचं पेन काढलं. मला वाटलं, ओळ खोडणार. त्यांनी पेन ओळीवर टेकवलंही, मग उचललं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"इतक्या दिवसांत पत्र लिहायला शिकली नाहीस," ते म्हणाले. "आपल्याकडे दोन इंगळे आहेत. उद्या कोर्टात कोणी विचारलं, कोणता इंगळे? पूर्ण नाव लिही. वामन सीताराम इंगळे. हुद्दा. आणि पुढे लिही, रुजू दिनांक ४ ऑगस्ट १९९३ पासून."

त्यांनी कुठलीही वही उघडली नव्हती.

"तुम्हाला तारीख पाठ आहे?" मी विचारलं.

"त्याची पहिली ऑर्डर मी लिहिली होती," साहेब म्हणाले. "आस्थापनेवर आल्यावर माझ्या हातची पहिलीच ऑर्डर." थोडं थांबून म्हणाले, "आणि पहिला खंडही."

मी ओळ दुरुस्त केली, नव्याने चार प्रती काढल्या. त्यांनी चारही प्रतींवर सही केली, शिक्का मारला. जावक नोंदणीचा लिपिक चहाला गेला होता, तर त्याची वाट न बघता स्वतः रजिस्टर ओढून घेतलं आणि क्रमांक टाकला. अकराशे सत्तेचाळीस. तो आकडा मला माझ्या फोन नंबरासारखा पाठ आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. शुक्रवारी सकाळी मी पत्र पुण्यात दिलं आणि जागा मिळाली. ऑगस्टमध्ये बोचरे साहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. तिला त्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं, 'वस्तुस्थिती लिहिली आहे.' प्रकरण फिरत राहिलं आणि फेब्रुवारीत ते नारळ, शाल घेऊन निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली, थोड्या उशिरा पण नीट. त्याच पत्राच्या आधाराने सदतीस जणांनी केलेला दावा पाच वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा इंगळेकाकांच्या नोकरीची अडीच वर्षं उरली होती, ती त्यांनी कायम माणूस म्हणून केली. सेवापुस्तकावर तारीख तीच पडली, ४ ऑगस्ट १९९३. मी आता त्याच संस्थेत शिकवते आणि दर उन्हाळ्यात माझ्यासमोरही अनुभवाच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा येतो. आमच्या अर्जात आता 'सलग' हा शब्द नाही. तो काढायला मला आणि कारखानीस मॅडमना सहा बैठका लागल्या.

मात्र या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आठवते ती गुरुवारची सकाळ. संध्याकाळी माझी पुण्याची बस होती. काकांची प्रत त्यांना देऊन पोच घ्यायची होती, आणि ती शिपायाकरवी पाठवावी असं मला वाटलं नाही. ते तीन नंबर वॉर्डात, दर्ग्यामागच्या चेंबरपाशी होते. बायका हंडे-बादल्या मांडून बसल्या होत्या. मी कागद पुढे केला.

"मले कायचा कागद?" काकांनी हात पँटला पुसले. "काढलं का काय मले?"

"नाही हो. माझं पत्र आहे, त्याची प्रत तुम्हाला आहे."

"चष्मा घरी हाय. वाच बरं तू."

मी वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. सेवाखंडाचं वाक्य आलं तसं त्यांनी बायकांना हाताने गप्प बसायला सांगितलं. मी पायथ्याची यादी वाचली आणि शेवटची ओळ. वामन सीताराम इंगळे, व्हॉल्व्हमन, रुजू दिनांक ४ ऑगस्ट १९९३ पासून.

"तारीख वाच पुन्हा."

मी वाचली.

"पुन्हा."

मी तिसऱ्यांदा वाचली. काकांनी चावीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. नेहमीचं हसू चेहऱ्यावर नव्हतं.

"म्हंजे मी तवापासून हावो?"

"हो काका," मी म्हणाले. "तेव्हापासून आहात."

त्यांनी पोच वहीवर सही केली, कागदाची घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. मग चावी व्हॉल्व्हवर बसवून तिला कान लावला आणि पाणी आलं म्हणून बायकांना सांगितलं.